भोंडला आणि संजा, २२ लहान मुलांसोबत: कसं जमवायचं?

पाटीपेन्सिल (सुदामा नगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या बालवाडीत २२ मुलं आहेत, साडेतीन ते पाच वर्षांची. १० मराठी घरांतली, बाकी बहुतेक माळवी-हिंदी बोलणारी, दोन गुजराती. नवरात्रात सगळीकडे गरबा होतोच, त्यामुळे आपला भोंडला करावा असं ठरतंय. शिवाय त्याआधीच्या पंधरवड्यात माळव्याची संजा (भिंतीवर शेणाची रोज नवी आकृती करून ती फुलांनी सजवतात, ती) पण घ्यावी, म्हणजे दोन्हीकडच्या घरांना आपलं वाटेल.

अडचणी अशा:
हॉल ५ × ६ मीटरचा आहे, २२ मुलांचा एकच फेर मावेल का? मोठी माणसं आम्ही चार.
हत्ती धान्याचा काढायचा की रांगोळीचा?
संजा शेणाची असते. साडेतीन वर्षांच्या मुलांना शेणात हात घालू द्यायचे का?
खिरापत काय ठेवावी? एका मुलाला शेंगदाणा चालत नाही.
आणि गाणी. निम्म्या मुलांना मराठी येत नाही.

शाळा सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते १२.

---

फेरवाली_काकू

ताई, एकच फेर नको. हिशेब सांगते. या वयाच्या मुलाला फेरात साधारण ६० सेंटीमीटर जागा लागते. २२ मुलांना १३ मीटर घेर, म्हणजे व्यास सव्वाचार मीटर. तुमच्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंना जेमतेम ४० सेंटीमीटर उरतील, आणि भिंतीवर डोकं आपटायला तेवढं पुरतं. ११-११ चे दोन गट करा.

आता महत्त्वाचं: हातात हात धरायला लावू नका. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा कोपराजवळचा अस्थिबंध सैल असतो. मनगट धरलेलं असताना शेजारच्याने झटका दिला, की हाताचं हाड त्यातून निसटतं. मूल मग तो हात लटकता ठेवतं, वापरतच नाही. असं झालं तर आपण ओढून-वळवून बघायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. फेरात एक जण बसला आणि बाकीचे चालत राहिले की हेच होतं, आणि एक जण बसतोच.

त्यापेक्षा नऊवारी घ्या. जुनी, सुती, मऊ. नऊवारी सव्वाआठ मीटर असते. तिला सैल पीळ दिला की लांबी थोडी घटते, गाठीत अर्धा मीटर जातो, उरतं पावणेसात-सात मीटरचं कडं. ११ मुलांना बरोबर पुरतं. गाठ चपटी मारा आणि ती मोठ्या माणसाच्या हातात ठेवा. मुलांनी दोन्ही हातांनी कडं कमरेच्या उंचीवर धरायचं. मुलं ते डोक्यावरून घेऊन आत शिरायला बघतात. म्हणून आधी पीळ नीट द्या, मोकळं कापड गळ्यात अडकतं. फेर संपला की साडी लगेच उचलून ठेवा.

फेर आत कोसळतो, ही नेहमीची तक्रार. कारण साधं आहे: मध्ये हत्ती आहे आणि मुलांना हत्ती बघायचाय. उपाय दोन. एक, फेराच्या आधी प्रत्येकाला हत्तीजवळ नेऊन एक पाकळी वाहू द्या, म्हणजे कुतूहल फिटतं. दोन, जमिनीवर गोल आखा. मध्ये सुतळीचं एक टोक दाबून धरायचं, १ मीटर १० सेंटीमीटरवर खडू बांधायचा आणि फिरवायचा. ‘पाय रेषेवर’ ही एकच सूचना मुलांना पुरते.

सलग गोल फिरवू नका. आठ पावलं चालायचं, थांबायचं, चार टाळ्या, मग उलट दिशेला आठ पावलं. दिशा बदलली नाही तर तिसऱ्या कडव्यापर्यंत दोघं-तिघं चक्कर येऊन पडतात, आणि मग मुद्दाम पडण्याचा खेळ सुरू होतो. एका गटाचा फेर सहा-सात मिनिटं, त्याहून जास्त नाही. दुसरा गट तेव्हा सतरंजीवर बसून टाळ्या धरेल किंवा झेंडूच्या पाकळ्या सोडवेल. चारांपैकी दोघी फेरात, एक हत्तीपाशी ढोलकी घेऊन, एक सतरंजीपाशी. ढोलकी हवीच, स्पीकर नको. मूल अडखळलं की ढोलकी थांबते, स्पीकर थांबत नाही.

हत्ती: धान्य नको. मसूर, हरभरा, गहू नाका-कानात जातात, आणि सांडलेल्या दाण्यांवर पाय घसरतो. फरशीवर रांगोळीची पूडही घसरडी असते. लाकडी पाटाला गेरूचा हात द्या, सुकू द्या. मग पांढरा खडू पाण्यात बुडवून त्याने हत्ती काढा. ओला खडू वाळल्यावर जास्त ठळक दिसतो आणि हाताला लागत नाही. समोरासमोर दोन हत्ती, सोंडेत माळ, एवढं पुरे. पाट चौरंगावर ठेवा, म्हणजे कोणाचा पाय पडत नाही.

कपड्यांची चिठ्ठी आधीच पाठवा: परकर घोट्याच्या वर चार बोटं, काचेच्या बांगड्या नाहीत, सेफ्टी पिन नाही, गजऱ्याला आकडा नाही. नवा परकर नेहमी वाढत्या अंगाचा शिवतात आणि तो पायात येतो. कमरेशी एक टीप घालून वर घ्यायला सांगा.

---

पंचांगवाला

तारखांचं आधी बघा. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ होता, त्यामुळे सगळं उशिरा आहे. भाद्रपद पौर्णिमा शनिवार २६ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या शनिवार १० ऑक्टोबर, घटस्थापना रविवार ११ ऑक्टोबर.

काही घरांत भोंडला हस्त नक्षत्राशी बांधलेला असतो, हत्ती तिथूनच आलाय. यंदा सूर्य हस्तात २७ सप्टेंबरच्या सुमारास येतो आणि घटस्थापनेच्या आसपास बाहेर पडतो. म्हणजे हस्त जवळजवळ पूर्ण पितृपक्षातच. त्यामुळे कोणाच्या आजींनी विचारलं तर सांगा की नवरात्राचा धरलाय.

संजा पौर्णिमा ते अमावास्या. तुमचे शाळेचे दिवस २८ सप्टेंबर ते ९ ऑक्टोबर, मधून २ ऑक्टोबर वजा, म्हणजे फक्त ९ दिवस मिळतात. भोंडला १४ तारखेला, बुधवारी ठेवा. सोमवारी सुट्टीवरून आलेली मुलं विस्कटलेली असतात. सोमवार-मंगळवार नुसता साडीचा फेर, हत्तीशिवाय, सराव म्हणून.

आणि सकाळी साडेनऊलाच उरका. पाऊस गेलेला असतो आणि ऑक्टोबरात अकरानंतर पत्र्याखालचा हॉल तापतो.

---

गुलतेवडी

संजाबद्दल लिहिते.

शेण नको, हे आधीच सांगून टाकते. ताज्या शेणात पोट बिघडवणारे जंतू असतात, धनुर्वाताचेही असू शकतात. या वयात हात दर दोन मिनिटांनी तोंडात जातो. मोठ्या मुली करतात तेव्हा गोष्ट वेगळी.

पण नुसत्या मातीनेही जमत नाही, आणि इथेच बहुतेकांचं फसतं. आपल्याकडची काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की आकसते. दुसऱ्या दिवशी संजेला भेगा पडतात, तिसऱ्या दिवशी तुकडे खाली. कुंभाराकडची माती आणा आणि त्यात कागदाचा लगदा घाला.

एका ६० × ६० सेंटीमीटरच्या पाटीसाठी:
वर्तमानपत्राची मोठी पानं ४, नखाएवढे तुकडे करून रात्रभर भिजवलेली. सकाळी कुस्करून घट्ट पिळायची.
कुंभाराची माती अर्धा किलो, चाळलेली.
मैद्याची खळ: एक कप पाण्यात दोन चमचे मैदा, मंद आचेवर ढवळत शिजवून गार केलेली.

लगदा आणि माती मिसळा, मग खळ थोडी-थोडी घाला. पोळीच्या कणकेसारखा गोळा व्हायला हवा. पूर्ण खळ लागेलच असं नाही, उरलेली पाकळ्या चिकटवायला ठेवा. छापील शाईचं कोणाला वावडं असेल तर कोरा पॅकिंगचा कागद घ्या. लगदा दोन दिवसांत आंबतो, म्हणून एका वेळी एवढाच करायचा.

पाटी जाड प्लायची, गेरूने रंगवलेली. भिंतीवर करू नका, मुलांचा हात पोचत नाही. आकृतीची जाडी अर्धा सेंटीमीटर. जाड थापली की वरचं सुकतं, आतलं ओलं राहतं आणि भेग पडते. सावलीत वाळवा, पंख्याच्या थेट वाऱ्यात नको.

आता आकृत्या. तिथीप्रमाणे रोज वेगळी असते, गावोगाव क्रम थोडा बदलतो. तुमच्या ९ दिवसांत मोजता येणाऱ्या घ्या, कारण या वयात आकडा हाताला लागणं हाच त्यातला मोठा भाग आहे. चौथीची चौपड (सोंगट्यांचा पट), पंचमीचे पाँच कुँवारे (पाच कुमार), सातमीचा सातिया (स्वस्तिक), आठमीचं आठ पाकळ्यांचं फूल, नवमीचे डोकरा-डोकरी (म्हातारा-म्हातारी). सूरज आणि चांद रोज वर कोपऱ्यात असतातच. ते दोन दिवस आधी करून वाळवून ठेवा. शेवटी किलाकोट (किल्ल्याचा कोट). तो मोठा असतो, दोन दिवस घ्या. कोटाची चौकट तुम्ही करा, आतली माणसं, गाडी, मोर, शिडी मुलं करतील. कोणी स्कूटर केली तर राहू द्या, संजेत गाडी असतेच.

एका मुलाला लिंबाएवढा गोळा पुरतो. अकरा जणांनी एकदम पाटीवर हात मारला तर चिखल होतो. म्हणून प्रत्येकाने आपला तुकडा प्लास्टिकच्या झाकणावर करायचा आणि तुम्ही तो पाटीवर खळीने चिकटवायचा. पाँच कुँवारे असे पाच झाकणांवर पाच मुलांकडून येतात, उरलेल्यांनी पाकळ्या लावायच्या.

फुलं: तेरडा (माळवीत गुलतेवडी), झेंडू, शेवंती, तगर. कण्हेर आणू नका, पिवळी तर अजिबात नाही. इंदूरच्या अर्ध्या बागांत ती कुंपणाला असते, मुलं घरून मूठभर घेऊन येतात. तिचं पान, फूल, बी सगळंच विषारी आणि हृदयावर परिणाम करणारं. रुई आणि धोतराही नको. चिठ्ठीत झाडाचं नाव मराठी-हिंदी दोन्हींत लिहा (कण्हेर, कनेर), ‘विषारी फुलं आणू नयेत’ एवढ्याने कोणाला काही कळत नाही.

चमकीची पन्नी (चकचकीत कागद) परंपरेत आहे, दिसते पण छान. साडेतीन वर्षांच्या मुलांच्या हातात मात्र ती देऊ नका, शेवटी तुम्हीच लावा.

---

जुनी_इंदूर

शेणाशिवाय संजा म्हणजे तुळशीशिवाय वृंदावन. लगद्याचे तुकडे चिकटवले की ती हस्तकला झाली, संजा नाही. संजा म्हणजे लिंपलेली भिंत, तो वास, संध्याकाळची आरती आणि दुसऱ्या दिवशी खरवडून नवी. तुम्ही रोज नवी करणार आहात की एकच पाटी भरत जाणार?

---

गुलतेवडी

@जुनी_इंदूर, वासाचं मान्य. पण शेवटचा प्रश्न मोलाचा विचारलात. रोज नवीच करायची. आदल्या दिवशीच्या आकृती काढून ठेवायच्या. खळीने चिकटवलेलं पाण्याच्या फडक्याने दाबलं की पाच मिनिटांत सुटतं. फेव्हिकॉलने चिकटवलंत तर सुटत नाही, आणि मग एकच पाटी भरत राहते. आरती मात्र सकाळी साडेअकराला, मुलं घरी जाताना, दिव्याशिवाय. खरी शेणाची संजा बघायची तर ज्यांच्या घरी बसते त्यांच्याकडे संध्याकाळी पालकांनीच मुलांना न्यावं. हिंदी-माळवी घरांतून दोन-तीन आमंत्रणं सहज मिळतील.

---

सियागंज_किराणा

खिरापतीकडे या.

ओळखायची गंमत सगळ्यात मोठी, पण २२ मुलांनी एकेक अंदाज सांगायचा म्हटलं तर १५ मिनिटं जातात आणि पहिल्याने सांगितलेलंच बाकीचे सांगतात. त्यापेक्षा तीन पदार्थांची चित्रं हॉलच्या तीन कोपऱ्यांत लावा. डब्यावर मलमलचं फडकं बांधून प्रत्येकाला वास द्या, डबा हलवून आवाज ऐकवा, मग ‘ज्याला जे वाटतं त्या चित्रापाशी उभं राहा’. बोलता न येणारं मूलही यात खेळतं. चार मिनिटांत संपतं.

काय नको: शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे काप, चिवडा, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं. शेंगदाणा एकालाच वर्ज्य असला तरी सगळ्यांनाच नको, कारण मुलं एकमेकांच्या वाटीत हात घालतात. अख्खे दाणे तर पाच वर्षांखाली कोणालाच नकोत, श्वासनलिकेत जातात. ज्या कढईत दाणे भाजले तीच न धुता वापरू नका. शेंगदाण्याचं तेलही टाळा. तीळ, दूध, गहू, काजू यांचं आठ दिवस आधी लेखी विचारून घ्या.

गोड: गूळपापडी. २४ वड्यांना कणीक २५० ग्रॅम, तूप २०० ग्रॅम, चिरलेला गूळ २०० ग्रॅम, चिमूटभर सुंठ. तुपात कणीक मंद आचेवर १२-१५ मिनिटं भाजा, बिस्किटासारखा वास आणि बदामी रंग येईपर्यंत. गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग गूळ घालून भराभर ढवळा. आच चालू असताना गूळ घातला की पाक होतो आणि वडी दगड होते. मोठ्यांना चालेल, लहान दातांना नाही. तूप लावलेल्या थाळीत एक सेंटीमीटर जाड थापा, गरम असतानाच ६ × ४ अशा रेघा मारा. गार झाल्यावर कापलीत तर भुगा.

तिखट: ‘तिखट’ फक्त नावाला. भुट्ट्याचा किस. भुट्टे संपायच्या आत मिळाले तर. १० मोठी कणसं किसून, दोन चमचे तुपात जिरं-हिंग, त्यात किस १० मिनिटं परता, मग अर्धा लिटर दूध दोन-तीनदा करून घाला आणि झाकण ठेवून आटवा. हिरवी मिरची नाही, थोडं आलं चालेल. साखर चमचाभर. ५० ते ६० ग्रॅमच्या वाट्या २० तरी होतात. कणीस जून असेल तर किस चरचरीत राहतो, नखाने दाणा दाबून बघा, दूध निघालं पाहिजे. कणसं किसायच्या आधी केस सगळे काढा, एक केस घशात अडकला की अख्खा वर्ग खाणं सोडतो. दुधाचा पदार्थ आहे, केल्यापासून दोन तासांत संपवा. सकाळी सहाला करून साडेदहाला वाढायचा नाही.

पोहे ठेवू नका, इंदूरचं पोरगं झाकण उघडायच्या आत ओळखतं.

मुलं बसूनच खातील, पाणी हाताशी. पळत खाणं नाही.

---

पाटीपेन्सिल

@सियागंज_किराणा, दुधाचं एका मुलाला चालत नाही असं आत्ताच कळलं. गूळपापडीत तूप आहे. त्याचं वेगळं केलं तर ओळखायच्या खेळात तो एकटा पडेल ना?

आणि गाणी राहिलीच.

---

सियागंज_किराणा

एकट्याचं वेगळं नकोच. मग सगळ्यांनाच रताळं द्या. सव्वा किलो रताळी सालासकट उकडा, सोला, गरम असताना कुस्करा, १२५ ग्रॅम गूळ आणि वेलची घाला. तूप, दूध, गहू काही नाही. चमच्याने वाटीत. पाणी कमी घालून वाफवा, पाण्यात बुडवून उकडलं तर लिबलिबीत होतं. चित्रं तीन: रताळं, केळं, भोपळा. पांढरं रताळं घेतलंत तर ओळखणं आणखी अवघड.

---

अडगुलं

गाण्यांबद्दल. पारंपरिक भोंडल्यात रोज एक गाणं वाढतं. तुम्ही एकूण तीनच घ्या: पहिलं गणपतीचं, मधलं साखळीचं, शेवटचं खिरापतीचं. साखळीची गाणी या वयाला सगळ्यात जमतात, कारण दर ओळीत एकच शब्द नवा असतो, बाकी परत तेच. मराठी न येणाऱ्या मुलाने फक्त तो एक शब्द म्हणायचा. त्या शब्दाची वस्तू हातात धरून दाखवा. लिंबू म्हणजे खरं लिंबू.

सासू-नणंदेची, मारझोडीची, वेड्या नवऱ्याची गाणी सोडा. चार वर्षांच्या मुलाला त्यातली थट्टा कळत नाही, मारलेलं तेवढं कळतं.

ज्यांना काहीच पाठ नाही त्यांच्यासाठी, रचायला कोणालाही जमेल असं:

हत्ती बसला पाटावर,
पाऊस आला घाटावर,
पाणी चढलं काठावर!

पहिल्या ओळीला बसायचं, दुसरीला बोटांनी पाऊस पाडायचा, तिसरीला हात वर. साडी यात खाली ठेवायची. ‘ट’ आणि ‘ठ’ हिंदीतही आहेत, त्यामुळे अडत नाही. ‘ळ’ मात्र हिंदी घरातल्या मुलांना कठीण, त्यांच्या वाट्याला ‘ळ’चा शब्द देऊ नका. माळवी मुलांना तो येतो, त्यांना द्या.

पट्टी वर धरा. आपण बायका आपल्या सोयीने खालच्या पट्टीत गातो, तिथे मुलांचा आवाज पोचत नाही आणि ती गाण्याऐवजी ओरडतात. ओरडायला लागली की समजा पट्टी चुकली.

संजेची गाणी माळवीतच म्हणा, मराठी करू नका. हिंदी-माळवी घरांतल्या आज्यांना दोघी-दोघी बोलवा, १५ मिनिटांसाठी. भुलाबाई ज्यांच्याकडे असते त्या मराठी आज्याही बोलवा. तीही भाद्रपद पौर्णिमेलाच बसते, त्यामुळे दोघींना एकमेकींचं ऐकायला आवडतं. आज्यांना खुर्ची द्या, जमिनीवर बसवू नका, आणि आधी सांगून ठेवा की चारच ओळी.

मुलगे दोन्हीत घ्या. ‘मुलींचा खेळ’ असं मुलांसमोर कोणी म्हणू नका, फेराबाहेर बसलेला मुलगा फेर मोडायलाच येतो.

---

गुलतेवडी

एक राहिलं. अमावास्येला संजा पाण्यात सोडतात, पण त्या दिवशी शनिवार आहे, तुमची शाळा नाही. शुक्रवारी ९ तारखेलाच करा. सगळ्या दिवसांच्या आकृती जपून ठेवलेल्या असतील तर मोठ्या टबात मुलांकडून एकेक सोडवा. कान्ह नदीवर नेऊ नका. लगदा-माती अर्ध्या तासात विरघळते. पन्नी असेल तर आधी काढून घ्या. ते पाणी कुंड्यांना घाला, मोठा गाळ वर राहिला तर तो पसरून वाळवा आणि मग मातीत मिसळा. ओल्या लगद्याचा जाड थर कुंडीत राहिला तर वर पापुद्रा धरतो आणि पाणी खाली जात नाही.

---

पाटीपेन्सिल

सगळं लिहून घेतलं. नऊवारी दोन मिळाल्या, एक काठापदराची आहे, ती जड पडेल का?

---

फेरवाली_काकू

पडेल. जरीचा काठ तळहाताला बोचतो आणि पिळात ताठ राहतो. साधी सुती तेवढी दोन्ही गटांना आळीपाळीने वापरा, दुसरी हत्तीच्या मागे पडदा म्हणून लावा.